कलम चौदा आणि सातव्या दिवसाचा गणपती

"मुद्दा क्रमांक तीन," टिपणीसकाकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "गणपती कुठे बुडवायचा."

"बुडवायचा काय म्हणता?" मागच्या रांगेतून माझ्या सासूबाई म्हणाल्या. "विसर्जन म्हणा की."

"इतिवृत्तात दुरुस्ती करा, कार्यवाह," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "गणपतीचं विसर्जन कुठे करायचं."

मी दुरुस्ती केली. कार्यवाह म्हणजे मी, वृंदा शिराळकर. टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, जिथे अमेरिका संपते आणि रिओ ग्रांदे नदीपलीकडे मेक्सिको सुरू होतो, तिथल्या आमच्या इवल्याशा महाराष्ट्र मंडळाची ही सभा. साल २०१९, सप्टेंबरमधल्या शनिवारची दुपार. देवळामागच्या हॉलमध्ये एसी घरघरत होता, आणि सव्वीस माणसं बटाटेवड्याकडे डोळे लावून लोकशाही पाळत होती. गणपती सोमवारी बसला होता. उद्या रविवारी सातवा दिवस, त्यामुळे त्या वर्षी शास्त्र आणि वीकएंड या दोघांचं कधी नव्हे ते जमलं होतं.

टिपणीसकाका मंडळाचे अध्यक्ष. तीस वर्षं इथल्या कालवे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. १९९६ साली त्यांनी मंडळ काढलं, त्याची घटना स्वतः लिहिली, स्वतः टाइप केली, आणि तेव्हापासून तेवीस वर्षं तेच बिनविरोध निवडून येत होते, कारण ती घटना वाचायची दुसऱ्या कुणाची तयारी नव्हती. माणसांना ते नावाने हाक मारतच नसत. मी ‘कार्यवाह’, रेवती ‘उपाध्यक्ष’. घरी काकूंनाही ते ‘सन्माननीय सदस्य’ म्हणत असावेत असा आमचा अंदाज होता. अध्यक्षपद त्यांना जिवापाड प्यारं होतं. त्या पदासाठी शिवलेला एक करडा कोटच होता, आणि बाहेर चाळीस अंश असले तरी सभेत तो अंगावर असायचा.

त्या घटनेत एक कलम चौदा होतं. मंडळावर संकट ओढवल्यास अध्यक्षांना सभेचा ठराव बाजूला सारून निर्णय घेण्याचे सर्व अधिकार राहतील, असं ते कलम. तेवीस वर्षांत ते कुणी वापरलं नव्हतं आणि कुणाला आठवतही नव्हतं. पण त्या फेब्रुवारीत देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी सीमेवर भिंत बांधण्यासाठी आणीबाणी जाहीर केली, आणि टीव्हीवर रोज एकच भांडण सुरू झालं. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, नको म्हटल्यावर एकटा माणूस हे करू शकतो का? भिंत व्हायची होती ती आमच्याच नदीच्या बांधावर, त्यामुळे आमच्याकडे हे भांडण श्रीखंडाच्या वाटीपर्यंत पोचलं. मी तेव्हा नवी नवी कार्यवाह झाले होते. मंडळाची घटना स्कॅन करून ठेवलेली होती, ती उघडली, कलम चौदा वाचलं आणि पेटूनच उठले. सगळ्यांना लांबलचक ईमेल पाठवली, की एका माणसाच्या हाती सगळे अधिकार देणारं हे कलम लोकशाहीला काळिमा आहे, ते ताबडतोब रद्द करा. काकांचं एका ओळीत उत्तर आलं: "पत्र मिळाले. योग्य वेळी चर्चेस घेऊ." मी सहा महिने पाठपुरावा केला. दर भेटीत त्यांना टोचलं. शेवटी तो विषय त्या दिवशीच्या सभेत मुद्दा क्रमांक चार म्हणून आला होता.

पण आधी मुद्दा क्रमांक तीन.

"दरवर्षीप्रमाणे हॉलच्या पार्किंगमध्ये," उपाध्यक्ष रेवती खानोलकर म्हणाली. ती भूल देणारी डॉक्टर, आणि आवाज मात्र झोपलेल्याला उठवणारा. "मुलांचा फुगवायचा हौद आहेच."

तो हौद निळा होता आणि त्याच्यावर हसऱ्या डॉल्फिनची चित्रं होती. चार वर्षं आमचे गणपती त्याच्यातच विरघळत आले होते.

"मला बोलायचंय," आई उभ्या राहिल्या. मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई मंडळाच्या सदस्य नव्हत्या. काकांनी घटनेचं एक पान चाळलं आणि म्हणाले, "पाहुण्यांना दोन मिनिटं आहेत."

"दोन पुष्कळ झाली. गणपती नदीवर न्या. आमच्या मिरजेत कृष्णेवर नेतात, तुमच्याकडे एवढी नदी आहे. आणि खरं सांगायचं तर गणपतीचं निमित्त हो. बुधवारी माझं विमान आहे. ज्याच्यासाठी आले तो पोरगा नदीच्या पलीकडे अडकलाय. पाण्याच्या त्या काठाला तो उभा राहील, ह्या काठाला मी राहीन. जाण्याआधी एकदा बघते त्याला. झालं माझं."

आणि त्या खाली बसल्या.

तो पोरगा म्हणजे माझा नवरा, मकरंद. तो पलीकडच्या कारखान्यात इंजिनियर. रोज सकाळी पूल ओलांडून मेक्सिकोत जायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. इथली बरीच मंडळी अशी दोन देशांतून पोळीभाजीचा डबा फिरवतात. जुलैत व्हिसाचा नवा शिक्का घ्यायला तो तिकडेच मुलाखतीला गेला, आणि कागद तपासणीत आहेत, थांबा, एवढंच उत्तर मिळालं. पासपोर्टही तिकडेच राहिला. तेव्हापासून सात आठवडे तो कंपनीच्या गेस्टहाऊसमध्ये होता, आमच्या घरापासून मोजून अकरा मैलांवर. वकिलाने बजावलं होतं, प्रकरण निकाली निघेपर्यंत घरातल्या कुणीही पूल ओलांडायचा नाही. फोनवर रोज बोलणं व्हायचं, पण आईंचं म्हणणं, "फोनमध्ये त्याचं नुसतं नाक दिसतं. बाकीचा पोरगा कुठाय?"

हॉलमध्ये कुणी वड्याकडे बघेना. शेवटी रेवती बोलली, आणि या वेळी हळू आवाजात.

"आई, मला वाईट वाटतं. खरंच. पण इथे निम्म्या लोकांचे कागद अजून कचेरीत पडलेत. तिथे बांधावर गाड्या आहेत, कॅमेरे आहेत, वरून हेलिकॉप्टर फिरतं. आपण तीस जण घोषणा देत पाण्यात उतरणार, पलीकडून कुणी हात करणार. एखाद्याने फोटो काढला, एखाद्याचं नाव कुठे लागलं, तर? ग्रीनकार्डासाठी मी चौदा वर्षं रांगेत काढलीत. दार असावं, रांग असावी, सगळ्यांनी ती पाळावी, असं मला वाटतं. पण म्हणून मला काळीज नाही असं नाही."

तिचं चुकलं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मी स्वतः नवऱ्याच्या व्हिसावर राहत होते आणि पोलिसांची गाडी दिसली की सीटबेल्ट दोनदा चाचपायचे.

मतदान झालं. हात मोजायचं काम माझंच होतं. नदीच्या बाजूने आठ, हौदाच्या बाजूने सतरा. अध्यक्षाने फक्त बरोबरी झाली तरच मत द्यायचं असा नियम, तोही काकांनीच लिहिलेला. त्यामुळे तेवीस वर्षांत त्यांनी कशालाच मत दिलेलं नव्हतं.

"ठराव मंजूर," मी म्हणाले. "विसर्जन... हौदात." डॉल्फिन डोळ्यांसमोर आले. आई पदराने चष्मा पुसत होत्या. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

तेवढ्यात काका उठले. कोटाची तिन्ही बटणं लावली.

"सभेचा ठराव मी ऐकला. घटनेच्या कलम चौदान्वये मी तो बाजूला सारत आहे. आणीबाणी जाहीर. मुदत, उद्या सूर्यास्तापर्यंत."

कुणाच्या तरी हातून चटणीची वाटी पडली.

"काका, अहो आणीबाणी कसली?" रेवती उठलीच. "पूर आलाय? वादळ आलंय?"

"मंडळाचा एक सदस्य सात आठवडे पलीकडे आहे आणि त्याची आई बुधवारी चालली आहे. याहून मोठं संकट तेवीस वर्षांत आपल्यावर आलेलं नाही."

"ही हुकूमशाही आहे!"

"हो," काका म्हणाले. "तुमचा निषेध नोंदवून घेऊ. कार्यवाह, लिहा. नदीवर ढोल नको, गुलाल नको. ज्यांचे कागद कचेरीत आहेत त्यांनी घरी थांबावं, शिराळकर कुटुंब वगळून. उद्या संध्याकाळी सहा."

रेवती माझ्याकडे वळली. "वृंदा, सहा महिने तूच सांगत होतीस ना, हे कलम भयंकर आहे म्हणून? आता बोल ना."

सव्वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मुद्दा क्रमांक चार माझ्या पुढ्यातल्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेला होता, खाली माझं नाव.

"मी... मी इतिवृत्त लिहिते आहे," मी म्हणाले आणि मान खाली घातली.

मला लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. आणि आनंद इतका झाला होता की ‘आणीबाणी’ हा शब्द लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. मुद्दा चार पुढच्या सभेवर ढकलला गेला. तो ढकलावा अशी सूचना माझीच होती.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता नदीकाठच्या बागेत आम्ही नऊ जण होतो. बाग म्हणजे वेड्या बाभळी, गळ टाकून बसलेली चार कुटुंबं आणि होड्या उतरवायचा सिमेंटचा उतार. नदी तिथे शंभर पावलांची. पलीकडे मासे तळून देणारी एक खानावळ, रंगीत छत्र्या आणि जोरात लावलेली गाणी. उताराच्या माथ्यावर सीमादलाची हिरव्या पट्ट्याची पांढरी गाडी उभी होती. तिला टेकून गार्झा नावाचा जवान उभा होता. काकांनी आदल्या संध्याकाळी बागेच्या कचेरीला आणि सीमादलाला दोन्हीकडे रीतसर पत्रं नेऊन दिली होती.

"हेच का ते?" गार्झाने आईंच्या मांडीवरच्या मूर्तीकडे बोट दाखवलं.

"हेच," काका म्हणाले. त्या उकाड्यातही त्यांच्या अंगावर तो करडा कोट होता.

"कुठे जाणार?"

"निम्म्या पात्रापर्यंत अमेरिकेत. पुढे मेक्सिको, मग समुद्र."

"कागद आहेत?"

त्याने गंमत केली होती. पण काकांशी अशी गंमत करायची नसते. त्यांनी खिशातून पत्राची प्रत काढली आणि मोठ्याने वाचली. शाडूची मूर्ती एक, उंची अकरा इंच, पाण्यात पूर्ण विरघळणारी, सोबत सामान नाही, पुढील आगमन २२ ऑगस्ट २०२०. गार्झाने ती प्रत हातात घेतली, दोनदा वाचली आणि ओठ घट्ट मिटून परत दिली. त्याला हसू आवरत नव्हतं, पण वर्दीत होता बिचारा.

आम्ही पाट मांडला तेवढ्यात मागे गाडीचं दार वाजलं. रेवती उतरली. हातात टाळ, चेहऱ्यावर राग.

"तुम्ही निषेध नोंदवला होता," काका म्हणाले.

"तो आहेच. पण तुमच्यापैकी एकाला तरी आरती पाठ आहे का? उगीच भलतंच काही म्हणाल आणि मंडळाची अब्रू घालवाल."

आणि पलीकडच्या छत्र्यांमधून एक निळा शर्ट बाहेर आला. मकरंद. त्याच्याबरोबर कारखान्यातला एक दोस्त होता. त्याने खानावळवाल्याला काहीतरी सांगितलं आणि गाणी बंद झाली.

आईंनी मूर्ती माझ्याकडे दिली. पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. डोळ्यांवर हाताची सावली धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"वाळलाय," त्या म्हणाल्या.

"आई, एवढ्या लांबून?"

"तू गप. मला कळतंय." आणि मग तोंडाजवळ हात नेऊन, मिरजेच्या घाटावरून हाक मारावी तशा ओरडल्या, "जेवतोस का रे नीट?"

पलीकडून काहीतरी आलं, वाऱ्याने मोडलेलं. नंतर त्याने दोन्ही हात पोटावर ठेवून भलामोठा गोल दाखवला. छत्र्यांखालची माणसं हसली. आईही हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. मी मूर्ती धरून उभी होते, त्यामुळे मला डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

रेवतीने आरती सुरू केली. दुसऱ्या कडव्याला पलीकडे टाळ्या धरल्या गेल्या, आधी मकरंदच्या, मग खानावळीतल्या सगळ्यांच्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण ताल चुकला नाही. आमचा दोनदा चुकला. गार्झाने टोपी काढून हातात धरली होती.

मूर्ती घेऊन काका उतारावरून गुडघाभर पाण्यात गेले, कोटासकट. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी हात मोकळे झाले.

"पुढच्या वर्षी लवकर या!" आम्ही ओरडलो. पलीकडून एकट्याचा आवाज आला, आणि या वेळी प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

"हे काय म्हणताय तुम्ही?" गार्झाने रेवतीला विचारलं. तिने सांगितलं. तो नदीकडे बघत म्हणाला, "ही नोकरी लागल्यापासून या काठावर हे वाक्य पहिल्यांदाच ऐकतोय."

घरी न्यायला आईंनी काठची मूठभर ओली वाळू पाटावर घेतली. तिकडे मकरंदही वाकला आणि त्याच्या काठची वाळू त्याने रुमालात बांधली. हे काही आमचं ठरलेलं नव्हतं. ज्याने लहानपणापासून घाटावर हेच पाहिलं, तो दुसरं काय करणार?

सूर्य मावळला तेव्हा सगळे गाड्यांकडे निघाले. काकांनी मला हाक मारली. कोटातून पाणी ठिबकत होतं. गाडीच्या बॉनेटवर त्यांनी मंडळाची मूळ फाइल उघडली होती आणि ते काहीतरी लिहीत होते.

"कार्यवाह, वेळ नोंदवा. सात वाजून बेचाळीस मिनिटं." त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. मंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा, खाली सही.

"काका, हे काय?"

"कलम चौदा."

"त्यात राजीनाम्याचं कुठे आहे? मला तोंडपाठ आहे ते."

काकांनी मूळ घटनेचं पान उलटलं. घटना पाठपोट टाइप केलेली होती. माझ्या आधीच्या कुणी कार्यवाहाने स्कॅन करताना फक्त दर्शनी बाजू केल्या होत्या. आणि मी, लोकशाहीची कैवारी, सहा महिने अर्ध्याच कलमावर भाषणं ठोकत होते. मागच्या बाजूला लिहिलं होतं: ‘हे अधिकार वापरणाऱ्या अध्यक्षाने मुदत संपताच पद सोडावे. त्यास पुन्हा हे पद घेता येणार नाही.’

मी ते तीनदा वाचलं.

"मी वाचलंच नव्हतं हो," मी म्हणाले. "सहा महिने तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "पंच्याहत्तरच्या आणीबाणीत आमचे वडील एकोणीस महिने नाशिक रोडच्या तुरुंगात होते. केव्हा सुटतील, तारीखच नाही. आई रोज संध्याकाळी दारात उभी राहायची. म्हणून कलम लिहिताना आधी मागचं पान लिहिलं, मग पुढचं."

आता मला रडू आवरेना. "मी माझा ठराव मागे घेते, काका."

"मुळीच घेऊ नका," ते एकदम करड्या आवाजात म्हणाले. "आज तुमचं काम झालं म्हणून कलम चांगलं ठरत नाही. मी बरा निघालो, तो योगायोग धरा." आणि त्यांनी कोट काढला, पिळला, व्यवस्थित घडी घालून मागच्या सीटवर ठेवला.

आई बुधवारी गेल्या. मकरंद नोव्हेंबरात घरी आला, खिशात त्या रुमालाची पुरचुंडी घेऊन. ती आमच्या देव्हाऱ्यात आईंनी ठेवलेल्या वाळूतच मिसळली. कुठली कुठल्या काठची, ते आता सांगता यायचं नाही. दर गणपतीत मिरजेहून फोन येतो, आणि पहिला प्रश्न अजून तोच असतो, "त्या कोटवाल्यांना मोदक पोचवलेस का?"

जानेवारीत मंडळाची वार्षिक सभा झाली. अध्यक्ष म्हणून मला निवडण्यात आलं, कारण घटनेच्या दोन्ही बाजू वाचलेली मी एकटीच उरले होते. मुद्दा क्रमांक दोन माझाच होता, कलम चौदा रद्द करण्याचा. पण मुद्दा क्रमांक एक रेवतीने मांडला, की यापुढे मंडळाच्या गणपतीचं विसर्जन दरवर्षी नदीवर व्हावं, आणि हौद तिच्या शेजारणीच्या कुत्र्याला देऊन टाकावा.

भराभर हात वर झाले. "मंजूर," मी म्हणाले.

"हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष," शेवटच्या रांगेतून आवाज आला. टिपणीसकाका साध्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसले होते. मी त्यांना पहिल्यांदाच असं बघत होते. "हात मोजल्याशिवाय मंजूर म्हणता येत नाही."

चुकलंच होतं माझं. मी पुढच्या रांगेपासून बोट धरून मोजायला लागले. रेवती, तिचा नवरा, काकू, मकरंद, एकेक करत शेवटच्या रांगेपर्यंत गेले. सव्विसावा हात टिपणीसकाकांचा होता. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच वर झालेला तो हात, माझी मोजणी संपली तरी त्यांनी खाली घेतला नाही.